चाळीसपैकी अकरा

१७ जानेवारी, नांदेड
प्रकल्पांचं वाटप झालं. मंगेशला हिमायतनगर मिळालं, स्वतःच्या घराजवळ. मला मुखेडच्या पुढची डोंगरातली वाडी. चाळीस घरं, चाळीस फॉर्म, विषय नळयोजना. तालुक्याच्या ऑफिसनं हे काम कॉलेजला दिलंय म्हणून आमचे गाइड क. सर फुशारलेत. सार्वजनिक धोरणाचा पेपर आता पुस्तकातून जमिनीवर येणार म्हणे. जमिनीवर आम्ही जाणार, सर नाही.

२४ जाने.
वाडीला जाऊन आले. एसटी फाट्यावर सोडते, पुढे चढ पायी. अकरा घरं झाली. अकराही दारांत नळ आणि अकराही घरी एकच उत्तर. बसवल्यापासून थेंब आलेला नाही.
पहिलं घर कावेरीबाईंचं. पन्नाशीच्या, एकट्या राहतात, लेक उदगीरला दिलेली. त्यांच्या नळाला शेळी बांधलेली. "पाणी न्हाई, पर खुंटा लई भारी बसवलाय बघ," म्हणाल्या. मी हसले. त्यांनी पाणी दिलं, दोन तांबे प्याले. कुठून आणतात ते फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं, म्हणून मीही विचारलं नाही. माझा नंबर त्यांनी मलाच कागदावर लिहून द्यायला लावला.
साडेचारची गाडी चुकली असती तर मुक्काम पडला असता. एकोणतीस घरं राहिली.

२५ जाने.
राहिलेले एकोणतीस भरून टाकले. होस्टेलच्या मेसमध्ये, नाश्ता झाल्यावर, दीड तासात. नावं मतदारयादीतून घेतली.
हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. परत चढ चढायचा कंटाळा होता, पण तेवढंच नाही. सर वर्गात नेहमी सांगतात, सगळी उत्तरं एकसारखी आली की समजायचं, पोरांनी झाडाखाली बसून फॉर्म भरलेत. माझी खरी अकरा एकसारखीच होती. ती खोटी वाटू नयेत म्हणून बाकीची वेगवेगळी केली. कुणाला दिवसाआड पाणी, कुणाला चार दिवसांनी, तिघांना रोज. दोघांना 'नाही', तेही चवीपुरतं. पेनसुद्धा दोन वापरले.
मंगेश म्हणाला, सगळेच भरतात, तू काय एकटी आहेस?

९ फेब्रु.
तक्ते झाले. 'बहुसंख्य कुटुंबांना नळाद्वारे पाणी मिळते.' सरांनी वाक्याखाली रेघ मारली. 'नाही'वाल्या घरांचा अर्थ त्यांनी स्वतःच लावला. ती घरं चढावर असणार, दाब कमी पडत असणार. तळटीप टाकायला लावली. खरी माणसं तळटिपेत गेली.
वर्गासमोर म्हणाले, आकडे असे जिवंत पाहिजेत. मला बरं वाटलं, लाज वाटण्याइतकं बरं वाटलं.

२ मार्च
जळकोटहून अप्पांचा फोन. लातूरचे पाहुणे लग्नाची घाई करतायत. अप्पांनी त्यांना निकालापर्यंत थोपवलंय. फर्स्ट क्लास आला तर पीएच.डी. कर, आम्ही मधे येणार नाही, असा शब्द आहे त्यांचा. नाही आला तर लातूर. अप्पा शब्दाचे पक्के आहेत, दोन्ही बाजूंनी.
रिपोर्ट तालुक्याला गेला. मुखपृष्ठावर कॉलेजचं नाव, आत प्रत्येक गावाखाली विद्यार्थ्याचं.

११ एप्रिल
कावेरीबाईंचा फोन. आधी ओळखलंच नाही. दरवर्षी पाडवा झाला की वाडीला टँकर येतो. यंदा आला नाही. सरपंच म्हणतो वरून बंद आहे. वर कोण ते त्याला ठाऊक नाही.
"तू शिकलेली हाईस माय. एक अर्ज लिवून दे."
हो म्हणाले. फोन ठेवल्यावर जिन्यातच बसून राहिले. टँकर येतो हे मला माहीतच नव्हतं. तोही फॉर्ममध्ये नव्हता.

१६ एप्रिल, मुखेड
कावेरीबाई फाट्यावर आल्या होत्या. अर्जावर अंगठा दिला, डाव्या हाताचा. उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं. खाली झऱ्यावर रांग असते, वाटीवाटीनं घागर भरते, चढताना पाय घसरला. एवढं सांगून त्या परत गेल्या, कारण रांगेतला नंबर जातो.
ऑफिसात साहेब भला माणूस. अर्ज नीट वाचला. मग फाइल काढून माझ्यासमोर फिरवली. टंचाई आराखड्यातून वाडी वगळलेली, आणि कारण म्हणून जोडलेला कागद माझा. माझे तक्ते, सरांची ती रेघ छापील होऊन. "माझं काय, दिला असता टँकर, पण हे बघा, कॉलेजनं घरोघरी जाऊन काढलंय. बाया सांगतात तसं नसतं ओ."
बाया सांगतात तसंच असतं. तक्त्याखाली माझं नाव होतं. त्यांनी ते वाचलं नाही, नि मी सांगितलं नाही.

१८ एप्रिल
सरांना सगळं सांगितलं. केबिनचं दार त्यांनी स्वतः लावलं.
अकरा फॉर्म तर खरे आहेत ना, मग रिपोर्ट खोटा कसा, हे पहिलं. तोंडी परीक्षा होईपर्यंत गप्प राहा, हे दुसरं. पुढच्या वर्षीची बॅच दुरुस्ती सुचवेल, हे शेवटचं. पुढच्या वर्षी. मी विचारलं, तोवर वाडीनं काय प्यायचं? सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "बाळ, धोरणात वेळ लागतो," म्हणाले आणि घड्याळ पाहिलं.

१९ एप्रिल
मी सरांना सांगितल्याचं मंगेशला कळलं. बोलत नाही. मेसमध्ये ताट उचलून दुसरीकडे बसला. जाताना मात्र थांबला. "तुझे फॉर्म उघडले की आमचेबी उघडतेत. माझ्या माईनं काय म्हणून शिकवलं मला?"


२३ एप्रिल
काही लिहावंसं नाही. दोन वर्षं काय शिकले मी? टंचाईची व्याख्या पाठ आहे. ती तयार कशी करतात तेही आता येतं.
झोप येते आणि दुपारीही उठवत नाही.

२७ एप्रिल, जळकोट
अप्पांना दुकानातच सांगितलं. गिऱ्हाईक नव्हतं. अप्पा रोज लिंगपूजा केल्याशिवाय घोटभर चहा घेत नाहीत, कुणाचा एक दाणा कमी तोलत नाहीत. वाटलं, हे म्हणतील जा, सांगून टाक.
त्यांनी सगळं ऐकलं. गल्ल्याला कुलूप लावलं. "कुणाला म्हाईत हाय?"
म्हटलं, सर आणि मंगेश.
"ते बोलनार न्हाईत. मंग?"
त्या 'मंग'नं मी आतून मोडले. वाईट माणसानं म्हटलं असतं तर भांडले असते. घरात आई भाकरी थापत होती, तिला काही सांगितलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत आले. बसमध्ये रडले, शेजारची बाई खिडकीकडं तोंड करून बसली.

१ मे
पत्र लिहिलं. चार वेळा. प्रत्येक वेळी 'अनवधानाने' हा शब्द आपोआप यायचा. शेवटी तो काढला.

४ मे, मुखेड
परवा तोंडी आहे. मी इथं ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर.
आवक-जावकच्या बाबूनं पत्र वरवर चाळलं, रजिस्टर उघडलं. विषय लिहिला. मग विचारलं, "तक्रार कुनाच्या इरुद्ध?"
म्हटलं, माझ्या.
त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच. मग पत्र नीट वाचलं, अगदी शेवटपर्यंत, आणि पेनाचं टोपण लावलं. अर्जदाराचं नि समोरच्याचं नाव एकच, असं आजवर आलेलं नाही म्हणाला. साहेब तीनला येतील, त्यांना विचारून नंबर टाकतो. "तवर बसा. न्हाईतर घेऊन जावा, मी कुनाला बोलत न्हाई." पत्र त्याच्या टेबलावर पडलंय. खिडकीतून दिसतं.
दोन वाजता कावेरीबाईंचा फोन आला, अर्जाचं काय झालं विचारायला. सांगून टाकलं. वाडीचं नाव माझ्यामुळं गेलं, एकोणतीस घरांत मी पाऊलही ठेवलं नव्हतं, नळाला पाणी येतं असं मीच लिहिलं. एका दमात.
मागे बायकांचा गलका, भांड्यांचा आवाज.
"मी तर खरंच सांगितलं व्हतं माय."
हो म्हणाले. त्याला दुसरं काय म्हणणार? वाटलं आता शिव्या देतील, द्याव्यात.
"बरं. मंग टँकर कवा?"
फोन चालूच होता, त्या वाट बघत होत्या. मग रांगेतून कुणीतरी हाक मारली आणि त्यांनी ठेवला.
तीन वाजून गेले. साहेबांची गाडी अजून आलेली नाही.