गोविंदरावांनी न काढलेला जिना

सेंगकांग, सिंगापूर

तीर्थस्वरूप मधुआत्या,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. इथल्या फ्लॅटमध्ये खरोखरचा घालायचा तर आधी डायनिंग टेबल बाहेर काढावं लागेल.) तुझं बी.पी. आटोक्यात असेल आणि डॉक्टर तुझ्या धाकात असतील, असं समजतो. आम्ही तिघं मजेत आहोत. आज तर इतकं हायसं वाटतंय की सरोजिनीने मला न मागता दुसरा चहा दिला. जाईची निवड झाली गं! पॉलिटेक्निकच्या आर्किटेक्चरला. काल ईमेल आला. दीडशे वर्षांपूर्वी तुझ्या पणजोबांनी, म्हणजे गोविंदरावांनी, मुलाला हाताशी धरून घराच्या ओटीवर नकाशे काढायची फर्म चालवली, त्यानंतर आपल्या घराण्यात कुणी बांधकामाच्या वाटेला गेलं नव्हतं. (मी किचनमध्ये ठोकलेली फळी धरू नकोस. ती पडली.)

पण त्याआधी माझा जीव कसा टांगणीला लागला होता ते ऐक. मुलाखतीला स्वतः केलेलं काहीतरी न्यायचं होतं. आमच्या कन्येने ठरवलं, गोविंदरावांच्या फर्मने गावात बांधलेल्या वाचनालयाचं मॉडेल करायचं. तिला हा एकच कोर्स हवा होता, दुसरीकडे अर्जसुद्धा केला नव्हता (बापाचा सल्ला विचारतो कोण?). तुझ्या हॉलमधल्या फ्रेम केलेल्या नकाशाचा जो फोटो तू पाठवलास, त्यात बरोबर मधोमध ट्यूबलाइट चमकत होती. तरीही पोरीने पुठ्ठा कापून दोन मजले, कमानी, गॅलरी, सगळं असं उभं केलं की बघत राहावं. तीन आठवडे आम्ही जेवलो ते मांडीवर ताटं घेऊन, कारण टेबलावर वाचनालय होतं.

मुलाखतीच्या दिवशी एलआरटीत, म्हणजे इथल्या छोट्या लोकलमध्ये, एका चिनी आजीबाईंनी उठून मॉडेलला जागा दिली. मला नाही, मॉडेलला. मी समोर उभा, आणि सहज वाकून आत डोकावलो. वर जायला जिनाच नाही! इतके दिवस मी समजत होतो, जिना त्या ट्यूबलाइटखाली असेल. आणि मग बाबा आठवले. बाबा प्रत्येक लग्नात पंगतीत सांगायचे ना, की गोविंदराव जिना काढायलाच विसरले आणि उद्घाटनाला आलेले कलेक्टरसाहेब शिडीने वर चढले? मला आयुष्यभर ती थाप वाटत होती. आता ती थाप माझ्या मुलीच्या मांडीला मांडी लावून बसली होती. मी खिशातल्या बिलाची घडी घालून एक नागमोडी जिना केला आणि हळूच आत सरकवणार, तोच हातावर चापट बसली. "पप्पा, डोन्ट टच लाह!" (लाह हे इथल्या इंग्रजीचं शेपूट.) झालं. मी बिल परत खिशात टाकलं.

मुलाखतीची खोली काचेची. पालक बाहेर. दिसतं सगळं, ऐकू काही येत नाही. तिघं परीक्षक. त्यातले पांढऱ्या केसांचे सगळ्यात वयस्क गृहस्थ मॉडेलपाशी वाकले आणि दोन बोटं तळमजल्यावर चालवत नेऊन मधेच थांबले. मग बोटं वर दाखवून त्यांनी जाईकडे पाहिलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा जाई एका पायावर उभी होती! दुसरा पाय हवेत. आणि हे काय कमी होतं, म्हणून ते गृहस्थही टेबलाचा आधार घेऊन हळूहळू आपला पाय उचलत होते, आणि जाई खाली बसून पट्टीने मोजत होती. म्हटलं, संपलं, पोरीला भोवळ आली असणार.

बाहेर आल्यावर तिने सांगितलं. म्हणे, आमच्या फर्मची रीतच होती, जिना कधी कागदावर काढायचा नाही. बांधकामावर घरातल्या, नाहीतर गावातल्या सगळ्यात वयस्क माणसाला बोलवायचं, पाय उचलायला सांगायचं, आणि तो जेवढा उचलेल तेवढीच पायरी करायची. खोलीत ते गृहस्थच सगळ्यात वयस्क, म्हणून तिने त्यांनाच विचारलं, तुमचा पाय किती उचलतो? ते म्हणाले, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. आत्या, मला तिथे कॉरिडॉरमध्ये रडू आलं. (सरोजिनी म्हणते, एसीमुळे. तिच्याही डोळ्यांत एसी गेला होता.)

थोरांना नमस्कार असं लिहायची पद्धत आहे, पण आता आपल्यात तुझ्याहून थोर उरलंय कोण? तेव्हा सगळा तुलाच.

तुझा,
प्रबोध

ता. क. जाई म्हणते, ही रीत तिला तू फोनवर सांगितलीस. एकाच बापाची तुम्ही दोन मुलं, बाबा म्हणायचे विसरले, तू म्हणतेस रीत होती. खरं काय ते मला कळवू नकोस. निदान कॉलेज सुरू होईपर्यंत तरी नको.

ता. क. २. मुख्य गोष्ट राहिलीच. पॉलिटेक्निकवाल्यांना मॉडेल प्रदर्शनात मांडायचंय, जिन्यासकट. आणि रीतीप्रमाणे माप आपल्या घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाचं लागणार. ते फोनवर चालत नाही, जाईने बजावलंय. तीन वर्षं तू गुडघ्यांचं निमित्त सांगून येणं टाळते आहेस. विमानतळावर व्हीलचेअर मिळते, आमच्याकडे लिफ्ट आहे, आणि मी आहे. ये.

ता. क. ३. पाय आता फारसा उचलत नाही, असं म्हणशील हे जाईला आधीच ठाऊक आहे. तिचा निरोप तसाच लिहितो: आत्याआजी, बोटभर उचललास तरी चालेल. जिना लांब होईल, एवढंच.