झाकण उचलायची वेळ

आओमोरी, ९ डिसेंबर

प्रिय चिझुरु,

तू घर विकायला काढलंस हे मला दारावरच्या पाटीवरून कळावं? चाळीस वर्षं आपलं कुंपण एक, नाल्याचं झाकण एक, आणि बातमी देतो कोण, तर पाटी ठोकायला आलेला टायवाला दलाल! तू मुलाकडे राहतेस त्या योकोहामात चार बोटं बर्फ पडला की आगगाड्या बंद. काल टीव्हीवर पाहिलं, मोठमोठे साहेब गुळगुळीत बुटांत आपटत होते. त्याला शहर म्हणायचं?

इथे शनिवारपासून कमरेइतका पडलाय. तरी सातला मुलं शाळेत गेली, पोस्टमन वेळेवर आला. बर्फ काढणारी यंत्रं पहाटेच येऊन जातात. चालकांना मी रोज शिव्या घालते, कारण रस्ता लख्ख करून उरलेल्या बर्फाची टणक भिंत ते माझ्याच फाटकात रचतात. पण आपल्या बोळात कुंपणाला ओरखडाही न काढता ते धूड वळवतात, हे मात्र मी खिडकीत उभी राहून बघत बसते.

आणि मग नऊचा ठोका. रस्त्याखालच्या नाल्याची सगळी झाकणं एकदम वर, आणि अख्ख्या गल्लीचा बर्फ नाल्याच्या पाण्यातून खळाळत समुद्राकडे. आठ ते नऊ खालची आळी, नऊ ते दहा आपण; दोघांनी एकदम टाकला तर नाला तुंबणार. शिट्टी नाही, पोलीस नाही, तरी कुणी मिनिटभर आधी हात लावत नाही. आपल्या मिशनच्या शाळेत सिस्टरांना पट्टी घेऊनही एवढी शिस्त लावता आली नव्हती. गल्लीप्रमुख कासाई परवा ओरडला, "फुसाएताई, ढेकळं फोडून टाका, नाल्याला दात नाहीत!" मी म्हटलं, "तुम्हाला तरी कुठे आहेत?" सगळी गल्ली फावडी टेकून हसली. तुझ्या बंद फाटकापुढचा बर्फही आम्ही रोज काढतो. कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

तुझा मुलगा फोनवर म्हणाला, "आईला आता काही लक्षात राहत नाही, मावशी. फेब्रुवारीत झालं ते तुम्ही पाहिलंतच." हो, पाहिलं. खालच्या आळीची वेळ असताना आपलं झाकण उघडलं गेलं, नाला तुंबला, आणि तिथल्या न्हाव्याच्या घरातल्या चटया भिजून फुगल्या. कासाईने तुला हळूच विचारलं, "चिझुरुताई, वेळ चुकली का?" तू झाकणाकडे बघून म्हणालीस, "मीच असेन. आठवत नाही." मग वाकून वाकून न्हाव्याची माफी मागितलीस. महिन्याभरात तू मुलाकडे राहायला गेलीस.

चिझुरु, तुला आठवत नाही, कारण तू ते केलंच नव्हतंस. त्या सकाळी फाटकातली भिंत पाहून माझं डोकं फिरलं होतं. साडेआठलाच मी झाकण उघडलं, ढेकळं न फोडता ढकलली आणि आत जाऊन चहा प्यायले. तू माफी मागत होतीस तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी होते, आणि माझी ही एवढी लांब जीभ हलली नाही. आज सकाळी न्हाव्याला आणि कासाईला सांगून आले. न्हाव्याने दार लावून घेतलं, बरोबर केलं. तुझी आठवण शाबूत आहे. घर विकायचं तर खुशाल विक, पण हे कळल्यावर विक.

तुझीच, आणि तुझ्या रागाला तयार असलेली,
फुसाए