वाघाचा डावा डोळा

मंगळवार, आष्टा

रोज दुपारी आरशासमोर बसून स्वतःच्याच चेहऱ्यावर वाघ रंगवायचा, हा नेम मी वर्षभर मोडला नाही. तापातसुद्धा नाही. डावा डोळा मात्र दरवेळी बिघडायचा. आज तोही जमला. फोटो काढणार तेवढ्यात सासूबाई आत आल्या.

"पावणं आल्यात. आधी तोंड धू."

धुतलं. का धुतलं मी? चहा देत होते तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, सून काय करते?

"काय न्हाई, घरीच असती."

बेंदराला बैल रंगवायला मात्र मलाच हाक मारतात. "आमच्या सुनेचा हात लय चांगला हाय," असं तेव्हा गल्लीभर सांगतात. तो डावा डोळा आता परत जमेल का? बैलाला तरी त्या दिवशी कुणी तोंड धू म्हणत नाही.