ही एकच व्यक्ती आहे का?

बिबवेवाडी, पुणे
रविवार, दुपार

आदरणीय हिराअक्का,

सविनय जय भीम.

पोस्टमन दारात आला म्हणून दचकू नकोस. इकडे सगळे खुशाल आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या पंधरवड्यात आपल्या घराण्यात कोण खुशाल आहे आणि कोण नाही याबद्दल बराच गोंधळ झालेला आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर शालूने पाठवलेला अडुळशाचा व्हिडिओ बघू नये. त्याच दिवशी तिनेच दुसरा पाठवलाय, त्यात अडुळसा मुळीच घेऊ नका असं सांगितलंय. दोन्हींत डॉक्टर तोच आहे.) माझं म्हणशील तर साखर ठीक आहे, रक्तदाब ठीक आहे आणि फोन रिकामा आहे. हे तिसरं कसं घडलं आणि त्या मंगळवारी सकाळी सात वाजता मी तुला फोन करून "जेवलीस का?" असं का विचारलं, ते सांगायला हे पत्र लिहितोय.

सुरुवात मेथीच्या जुडीपासून झाली. इथे कोपऱ्यावर भाजी घेतली आणि पैसे द्यायला फोन काढला, तर तो जागचा हलेना. पडद्यावर एकच ओळ, जागा शिल्लक नाही. मी टिचकी मारली, बंद केला, चालू केला. मागे रांग लागली. भाजीवाली बाई म्हणाली, "काका, फोन ठेवून जा, मेथी घेऊन जा. निदान मेथी ताजी आहे." मागच्या एका गृहस्थांनी, "आम्ही उद्या येऊ का?" असं अगदी नम्रपणे विचारलं. पुण्यात माणसाला मारत नाहीत अक्का, विचारतात.

रविवारी ऋतिका खराडीहून आली तेव्हा तिला फोन दाखवला. ती तिथे ऑफिसात परक्या लोकांची माहिती लावून ठेवते, त्याचाच तिला पगार मिळतो. बापाची माहिती बघून तिने कपाळाला हात लावला. "बाबा, हा फोन आहे की डम्पिंग ग्राउंड? आधारकार्ड किती वेळा डाउनलोड केलंय?" मी म्हणालो, जितक्या वेळा लागलं तितक्या वेळा. शोधण्यापेक्षा पुन्हा उतरवून घेणं सोपं पडतं. शिवाय गॅसच्या बिलांचे फोटो, सोसायटीच्या नोटिसांचे फोटो, फोटोंचे फोटो, माझ्या अंगठ्याचे जवळून काढलेले असंख्य फोटो आणि कचरूमामांची सुप्रभातं. मामा दौंडहून रोज पहाटे एक गुलाब पाठवतात, सणावाराला दोन. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने पाठवलेलं फूल पुसायचं कसं, म्हणून मी एकही पुसलं नव्हतं. "आधी डिलीट करायला शिका, मग सॉर्ट करा," असं सांगून ऋतिका तिच्या घरी गेली.

आता पाटबंधारे खात्यात सारी हयात काढलेल्या माणसाला वर्गवारी शिकवावी लागत नाही. आमच्या अभिलेख कक्षात चार वर्ग असत. अ वर्ग कायम जपायचा, ब वर्ग तीस वर्षं, क वर्ग थोडी वर्षं आणि ड वर्ग वर्षभरात नष्ट. मी तीच पद्धत घरच्या फोटोंना लावली. काम झकास चाललं होतं. तेवढ्यात शालू चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून डोकावून तिने विचारलं, "अहो, आपल्या लग्नाचे फोटो ब वर्गात का?" मी म्हणालो, तीस वर्षं होऊन गेली, तेव्हा नियमाने आता फेरआढावा. ती चहाचा कप उचलून परत आत घेऊन गेली. लग्न आता अ वर्गात आहे. तिच्या माहेरची माणसंही अ वर्गात आहेत. मामांचे गुलाबही. शेवटी ड वर्गात माझा अंगठा तेवढा उरला.

हे करताना राहूनराहून आपल्या घरातली ती एकुलती एक फ्रेम आठवत होती. (तू म्हणशील, हा आता भरकटला. भरकटलोच आहे.) भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली ती लाकडी चौकट. अख्खं गणगोत तिच्यात मावायचं. नवा फोटो आला की काचेच्या कडेला खोचायचा, आणि कडा भरल्या की कुणालातरी काढायचं. कोणाला काढायचं यावर घरात दोन दोन दिवस चर्चा चालायची. तुझ्या लग्नानंतर दाजींना जागा करून देण्यासाठी कचरूमामांना काढलं, तेव्हा मामा वर्षभर आपल्याकडे जेवले नव्हते. पण त्या फ्रेममधला प्रत्येक चेहरा मला आजही आठवतो, कोण कुठे होतं तेसुद्धा. या फोनात हजारो फोटो आहेत आणि त्यांतला परवाचा मला आठवत नाही.

आणि बातम्या तरी केवढ्या होत्या? आप्पा खडकीच्या कारखान्यात, आपण गावी. महिन्याला एक कार्ड यायचं. ते तू वाचायचीस आणि उत्तरही तूच लिहायचीस. आई चुलीपुढे बसून तासभर सांगायची. कोण कोणाला काय बोललं, विहिरीला पाणी किती, माझा दात कसा पडला, मास्तर काय म्हणाले. तू मान डोलावत ऐकायचीस आणि कार्डावर लिहायचीस, "सर्व खुशाल. शेळी व्याली." आई विचारायची, "सगळं लिव्हलं का गं?" आणि तू बेधडक म्हणायचीस, "सगळं." आप्पांना पुढे कित्येक वर्षं वाटत होतं की आपल्या घरात शेळीखेरीज कुणीच काही करत नाही. पण अक्का, आज वाटतं, तेव्हा माझ्या वाट्याला आलेलं जग तू आधी चाळून घेतलेलं होतंस. आता ते सकाळी उठल्याबरोबर न चाळता अंगावर येतं.

असो. तर वर्गवारी होत आली तसा फोन स्वतःच मदतीला धावला. तो चेहरे ओळखतो म्हणे. एकेकाचे फोटो गोळा करून गठ्ठे बांधतो आणि अडलं की विचारतो. शालूचा गठ्ठा बांधला, ऋतिकाचा बांधला, आणि मग त्याने दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. डावीकडे आई. आपल्या गावच्या विहाराच्या उद्घाटनाला काढलेला तिचा तो फोटो, पांढरं लुगडं, उन्हाने डोळे बारीक केलेले, ओठ घट्ट मिटलेले. उजवीकडे तू. गेल्या बुद्धपौर्णिमेला आमच्या इथल्या विहाराबाहेर मी काढलेली, पांढरी साडी, उन्हाने डोळे बारीक, ओठ तसेच. आणि खाली प्रश्न होता, ही एकच व्यक्ती आहे का?

अक्का, तू आईसारखी दिसतेस हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तू माझ्यासाठी नेहमी परकर खोचून मला काखोटीला मारणारी पोर होतीस. तू आईच्या वयाची कधी झालीस हे मी पाहिलंच नव्हतं. बराच वेळ बोट तसंच धरून बसलो. 'नाही' दाबणं हे उत्तर बरोबर होतं. पण हाताला ते जमेना. मी 'हो' दाबलं.

दाबल्याबरोबर फोनाने तुझा आणि आईचा मिळून एक गठ्ठा केला आणि कुणी सांगितलेलं नसताना त्याचा सिनेमा बनवला. नाव दिलं, 'हिरा : आठवणी'. मागे व्हायोलिन. आधी आई, मग तू, मग पुन्हा आई, आणि शेवटी तू एकटी, पांढऱ्या साडीत, हळूहळू धूसर होत जाणारी. शालूने तो पाहिला, तिचे डोळे भरून आले आणि मला न सांगता तिने रात्री झोपण्यापूर्वी तो आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली तिने लिहिलंसुद्धा होतं, "अक्का, किती गोड दिसता!" पण ग्रुपवर वाचतं कोण?

पहाटे मामांनी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी गुलाब आला नाही. "भावपूर्ण आदरांजली" आली. त्यांच्या मागोमाग सगळे. कुणी मेणबत्ती, कुणी कमळ, कुणी "एक प्रेमळ माणूस हरपला". तुझ्याच हातचा चहा पिऊन शाळेत शिकवायला निघालेल्या तुझ्या संपतनेही न बघता हात जोडून टाकले.

मी तेव्हा बागेत फिरायला गेलो होतो. बाकावर टेकलो, ग्रुप उघडला, तर आदरांजल्यांची रांग आणि वर तुझा चेहरा. तो सिनेमा माझ्याच फोनाने केलेला, ते 'हो' मीच दाबलेलं, पण त्या क्षणी त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही. शालूला फोन लावला, तिने उचलला नाही. तुला लावला, वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. शेजारी हास्यक्लबची माणसं हात वर करून हसत होती आणि मी फोन कानाला घट्ट दाबून बसलो होतो. तुला शेवटचं काय बोललो तेच आठवेना. नुसते अंगठे पाठवतो गं आपण एकमेकांना. (नंतर लक्षात आलं, त्या रांगेत खाली तूही हात जोडले होतेस. कशालाही हात जोडायची तुझी सवय. स्वतःला स्वतःच आदरांजली वाहिलीस तू. पण गेलेलं माणूस हात जोडत नाही, एवढंही मला त्या वेळी सुचलं नाही.)

तिसऱ्यांदा तू उचललास. "काय रे, एवढ्या सकाळी?" म्हणालीस. मी "जेवलीस का?" असं विचारलं. तू म्हणालीस, "सात वाजता कोण जेवतं? बरा आहेस ना?" बरा होतो. इतका बरा मी बऱ्याच वर्षांत नव्हतो.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मामांना थांबवायला मी फोन केले, पण त्यांचा फोन नुसता पाठवतो, घेत नाही. पांढरे कपडे आणि मेणबत्त्यांचा पुडा घेऊन ते पहिल्या गाडीने निघाले होते. संपत सांगत होता, तू अंगणात ज्वारी निवडत बसली होतीस. तुला बघून ते पायरीवरच बसले आणि रडले, आणि मग तुझ्यावरच खेकसले, "आगं जित्ती हाइस तर फोन करून सांगायचं तरी!" म्हणे ते चार दिवस राहिले. म्हणे आईच्या लहानपणीचं असं काही सांगितलं की जे तुलाही माहीत नव्हतं, आणि रोज दोन्ही वेळा पोटभर जेवले. संपतला म्हटलं, हे सगळं रेकॉर्ड करून ठेव. तो म्हणाला, "मामा, फोनमध्ये जागा नव्हती."

तू मात्र त्या दिवसापासून ग्रुप सोडला आहेस. बरोबरच केलंस. मीही फोनाला सांगून टाकलं की या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. त्याने लगेच मान्य केलं. मला थोडा वेळ लागला. नंतर ऋतिकाने शिकवल्याप्रमाणे सगळे गठ्ठे वर, इंटरनेटवरच्या कपाटात चढवले आणि फोन धुऊन पुसून लख्ख केला. आता आईचा फोटो, तुझा फोटो, आप्पांच्या कार्डांचे फोटो, सगळं जागच्या जागी आहे. आयुष्यात प्रथमच माझं सामान आवरलेलं आहे.

दाजींना जय भीम, संपतला आशीर्वाद, ज्वारी निवडताना उन्हात बसू नकोस. एवढं लिहून हात दुखायला लागला, तेव्हा थांबतो.

तुझा धाकटा भाऊ,
अभय

ता. क. : खरं काम राहिलंच. सामान जागच्या जागी आहे, पण त्या कपाटात मला शिरता येत नाही. पासवर्ड विसरलो. ते म्हणतात, ठीक आहे, मग तुम्हीच पूर्वी ठरवलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या. प्रश्न असा, 'लहानपणी तुम्हाला घरी काय म्हणत?' मी 'टिटव्या' लिहून पाहिलं, चूक. 'ढेकळ्या' लिहिलं, तेही चूक. तू मला अजून एक नाव ठेवलं होतंस, ज्याला आई पदर तोंडाला लावून हसायची. ते काय होतं गं? आता एकदाच विचारणार आहेत, नंतर कपाट कायमचं बंद. आईचा फोटो आत आहे.

ता. क. २ : मामांना विचारू नकोस. ते ग्रुपवर टाकतील.

ता. क. ३ : कार्डावरही लिहू नकोस, तू काटछाट करशील. करमाळ्याहून सकाळची गाडी पकड आणि इकडेच ये. जिन्याखालून मोठ्याने त्या नावाने हाक मार, मी लिहून घेईन. कपाट उघडलं तर उघडलं. त्या नावाने मला हाक मारणारं आता दुसरं कुणी नाही, आणि ते ऐकून फार वर्षं झाली.