वारज्याच्या टेकडीवर चुकलेली वाट

मी, द्वारका हिंमतराव भोईटे, वय ६९, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारी, म्हणून निवृत्त, राहणार वारजे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय करून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. नुसत्या माझ्या शब्दावर पुण्यात कोण विश्वास ठेवणार?

१. राहती सदनिका, ठेवी आणि दागिने माझी भाची राजनंदिनी हिला द्यावेत. ती हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत आहे आणि हे टाइपही तीच करत आहे. दिरांना काही नाही. यजमानांच्या आजारपणात ते फक्त घराची कागदपत्रे कुठे आहेत हे विचारायला आले होते.

२. माझा टिकाव, पहार, दोन घमेली आणि ओळंबा चांद बाबालाल मुलाणी, गवंडी, राहणार वारजे, यांना द्यावा. कारण पुढील कलमात.

३. सन २००१ मध्ये आम्ही पंधरा-वीस जणांनी दर रविवारी श्रमदान करून टेकडीवरच्या वनराईतून वाट काढली. नकाशा माझा. तीस वर्षे रेघा ओढण्यात गेलेली, म्हणून ग्राफ पेपरवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ रेघ ओढली आणि झाडांना लाल चिंध्या बांधल्या. दगडी पायऱ्या चांदभाई बसवत होते, मजुरी न घेता. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बाई, सरळ नका नेऊ. पाणी ह्याच वाटेनं उतरणार. शेळ्या बघा कशा आडव्या-आडव्या चढतात." मी म्हणाले, "नकाशा शेळ्यांनी काढलाय की मी?" सगळे हसले.

जुलैत वाटेचा ओढा झाला. पायऱ्या निखळल्या, अकरा कडुनिंबांची मुळे उघडी पडली. बैठकीत आमचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी विचारले, "चुकलं कुणाचं?" मी म्हणाले, "काम कच्चं झालं." चांदभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि हत्यारे उचलून निघून गेले. पुन्हा आले नाहीत. आसपासच्या सोसायट्यांनीही त्यांना कामे देणे बंद केले. पुढच्या वर्षी आम्ही वाट वळणावळणाने नेली, अगदी त्यांनी सांगितली होती तशी. ती आजही टिकून आहे. पायथ्याच्या पाटीवर मात्र 'आखणी: द्वारकाबाई भोईटे' असे आहे. पाच वर्षे मी त्या पाटीसमोरून मान खाली घालून जाते. मला लाज वाटते, आणि जिवंतपणी हे बोलायचे धाडस झाले नाही.

ती पाटी उतरवून चांदभाईंच्या नावाची लावावी. हे कलम रविवारी श्रमदानाला जमलेल्यांसमोर मोठ्याने वाचावे.

४. आप्पासाहेबांनी माझ्या शोकसभेत भाषण करू नये. केलेच तर तीन मिनिटे.

पुरवणी, त्याच दिवशी, स्वहस्ते: तिसरे कलम टाइप करता करता राजनंदिनी थांबली. "मावशी, हे तू गेल्यावर वाचायचं? मग चांदचाचांना काय उपयोग? सॉरी म्हणायचं तर आत्ता म्हण ना!" आणि स्कूटीवरून जाऊन ती त्यांना घेऊनच आली. मी ते कलम त्यांच्यासमोर वाचले. वाचून झाल्यावर चांदभाई म्हणाले की साक्षीदाराची सही ते करतील.

सह्या घ्यायला आलेले वकील सारडा म्हणाले की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी. चांदभाई म्हणाले, "मग ते दुसरं कलम खोडा. पहार माझ्याकडं हाय. मला सही करायचीय."

सबब कलम २ रद्द. कलम ३ चे वाचन येत्या रविवारी मी स्वतः करीन.

पुणे, १४ डिसेंबर २००७
(सही) द्वारका हिंमतराव भोईटे

साक्षीदार:
१) (सही) बद्रीनाथ सारडा, वकील
२) (सही) चांद बाबालाल मुलाणी, गवंडी
सहीखाली त्यांच्याच हाताने: "बाईंनी माझ्यासमोर वाचलं. सगळं खरं आहे."