सुपातली वाट

अमरावती

प्रिय भगवंत,

गेल्या खेपेला तू इथं छत्री विसरलास, छत्री न्यायला आलास तर चष्मा ठेवून गेलास. आता आईलेच विसरशील, म्हणून हे पत्र. लिहिते आहे तुझी लेक आचल. ती माझं बोलणं धुऊन-पुसून लिहिते; कुठं 'मले-तुले' राहून गेलं तर ते माझं समज.

रविवारी गाडी पाठवतो, आचलला अकोल्याला आणून आपल्या डाळ मिलमध्ये बसवतो, असं म्हणून तू फोन ठेवलास. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. चहा उतू घालवला. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. जरा बसले की तुझ्या मामानं मुंबईहून आणलेला तो कम्प्युटर आठवतो. तू नववीत होतास. टीव्हीले जोडायचा, टेपमध्ये कॅसेट लावायची, ती डुक्कर धरल्यावानी किंचाळायची, मग कुठं खेळ यायचा. चित्र काही नाही, नुसती अक्षरं. तू शूरवीर, तुझी ताकद इतकी, जीव इतका, अन् पुढं अंधारी गुहा. इंग्रजी वाचून तू मले सांगायचास, डावीकडं दार, उजवीकडं विहीर. मी सुपात तूरडाळ मांडायची. एक दाणा म्हणजे एक खोली, मिरचीचा देठ म्हणजे राक्षस. तुझे बाबा म्हणत, पोरासंगं माय बी वाया गेली.

लाईट गेली की कॅसेटवर न भरलेलं सारं जायचं. शूरवीर पुन्हा गुहेच्या तोंडाशी, अन् तू उशीत तोंड खुपसून. पण सूप जिथल्या तिथं असायचं. मी म्हणायची, ऊठ बापा, वाट तर आपल्यापाशी आहे.

माझ्यापाशी राहून शिकता शिकता आचलनं इंजिनिअरिंग सोडलं, हे खरं. ती तसाच खेळ बनवून राहिली. फरक एवढाच की हा बोलतो. खोलीत शिरलं की समोर काय आहे ते सांगतो, अन् मी तोंडानं हुकूम सोडते. अक्षर न येणारी तुझी माय या वयात शूरवीर झाली. काल विहिरीत पडून मेली, ते वेगळं.

पुढचं सांगितलं तर पोरगी मान वर करत नाही, तरी लिही म्हटलं. तिचं वर्ष गेलं, वाट गेली नाही. तिले नेऊ नको, भगवंत. रविवारी गाडी येऊ दे, पण तिच्यात तू बसून ये, खेळ ऐक, अन् एकटा परत जा. येताना मिलची तूरडाळ आण, पॉलिश न केलेली. पॉलिशची सुपात घसरते.

तुझीच,
विहिरीतून वर आलेली आई