शिडी डावीकडून लागते

तांडा, ता. आर्णी
९ नोव्हेंबर २०२४

चि. राखीस,
जय सेवालाल. अ. आ. आशीर्वाद आधीच लिहून टाकतो, कारण पुढच्या ओळीपासून भांडण आहे.

तुझं लढाऊ विमानांच्या इतिहासाचं चित्रांचं पुस्तक छापून आलं, अन् मले ते आर्णीच्या वाचनालयात समजलं. विमानाचं पुस्तक आलं की तिथला प्रफुल्ल पहिले माझ्यासाठी बाजूले ठेवते. मी चुकीच्या पानावर चिठ्ठी लावतो अन् प्रकाशकाले पत्र धाडतो. पंधरा वर्षं वायुदलात फिटर होतो, फुकट नाही बोलत. मागं एका लेखकानं पुस्तकात पासष्टच्या लढाईत वीस वर्षांनी आलेलं विमान उडवलं होतं. त्यालेही पत्रच धाडलं, फोन नाही केला. फोनवर लोक हो हो म्हणतात अन् विसरतात, अन् माझे कान तर इंजिनाच्या आवाजानं कधीचेच गेले.

पण त्या परक्या माणसाचं सोड. तू तर कव्हरवरच घाण करून ठेवली बाई. पायलट विमानात चढून राह्यला अन् शिडी विमानाच्या उजव्या अंगाले. आमच्या तळावर शिडी डावीकडूनच लागे. उजवीकडे इंजिन सुरू करायची गाडी उभी राहे, तिच्या केबली पडलेल्या राहत. मी तिथं शिडी लावली असती तर सार्जंटनं मलेच त्या शिडीले बांधलं असतं. लेकरं हे पुस्तक पाहून शिकतीन अन् खोटं शिकतीन. माहीत नव्हतं तर विचारलं काहून नाही? मी काय मेलो होतो?

विमानावरचं तिरंगी वर्तुळ बरोबर आहे, केशरी बाहेर, हिरवा आत. रिव्हेटही मोजून काढले तू. म्हणून तर जास्त राग येते.

तुझ्या प्रकाशकालेही चार पानं लिहिली. पुतणी असली म्हणून सूट नाही. बाकी तूर फुलावर आहे, कापूस वेचायले माणसं भेटून नाही राह्यली, तुझी मोठीआई बरी आहे.

लोभ आहे, रागही आहे, दोन्ही सांभाळून ठेव.
तुझा मोठेबाबा,
पूनमसिंग


नागपूर
१६ नोव्हेंबर २०२४

ती. मोठेबाबांस,
शि. सा. न. साष्टांग घातला आहे, पण दातओठ खात.

तुमची चार पानं आमच्या संपादक इंदुताईंनी मला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवली. चित्रकर्तीने आयुष्यात विमान पाहिले आहे काय, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. आता पुस्तकाचा दुसरा भाग माझ्याकडून काढून घेणार आहेत. महिनाअखेरीपर्यंत पटेल असा खुलासा आला नाही तर तो मुंबईच्या एका चित्रकाराकडे जाईल. पाच वर्षं मी शाळांच्या भिंतींवर पोपट आणि पाढे रंगवले, त्यानंतर हातात आलेलं हे पहिलं धड काम. ते माझ्याच घरच्या माणसाने घालवलं. पत्र मला लिहिलं, ठीक. त्यांना लिहिण्याआधी आठ दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

आणि विचारलं नाही म्हणता? कव्हर मी तुमच्या बैठकीतल्या फोटोवरून काढलं आहे. विमान, शिडी आणि शिडीवर हात ठेवून ऐटीत उभे तुम्ही. गेल्या वर्षीच्या दिवाळीत तुम्हीच तो खाली काढून दिलात, मी मोबाईलवर टिपून घेतला, आणि तुम्हीच म्हणालात की काढायचं तर असंच काढ. तुमच्या जागी फक्त पायलट चढवला मी. आता उठा आणि भिंतीपाशी जा. विमानाचं नाक उजवीकडे आहे, म्हणजे दिसते ती विमानाची उजवी बाजू. शिडी तिथेच आहे. मग इंदुताईंना मी काय सांगू?

मोठीआईला नमस्कार. तुमच्यावरचा लोभ सध्या बाजूला काढून ठेवला आहे, फेकलेला नाही.
आपली,
राखी


तांडा, ता. आर्णी
२१ नोव्हेंबर २०२४

चि. राखीस,
अ. आ. यावेळी भांडण माझं माझ्याशीच आहे.

तुझं पत्र वाचून मी तरातरा उठलो अन् फोटो खाली उतरवला. शिडी उजवीकडेच. माझा हात तिच्यावर. वाटलं, म्हातारपणात डोक्यातलं सारं पुसून चाललं, डावं-उजवंही राह्यलं नाही. ज्या एका गोष्टीवर मी अख्ख्या महाराष्ट्राच्या प्रकाशकांसोबत भांडलो, तीच गेली म्हटलं.

तुझी मोठीआई तिथंच तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली की फोटोच उलटा आहे. माझ्या डाव्या भुवईवर पाना लागल्याची खूण आहे, ती फोटोत उजवीवर आहे. केसांचा भांगही उलट्या अंगाले. मी तिच्यावरच चिडलो, की इतकी वर्षं सांगितलं काहून नाही. तर म्हणे सांगितलं होतं, बाहत्तर साली, पांढरकवड्याहून फोटो मोठा करून आणला त्याच दिवशी. तेव्हा मी तिले म्हटलं होतं म्हणे, की तुले फोटोतलं काय समजते.

त्या फोटोवाल्यानं निगेटिव्ह उलटी घातली असन. तो आता हयात नाही, नाहीतर त्यालेही चार पानं लिहिली असती. मले समजलं नाही कारण दाढी करताना आरशात रोज हाच चेहरा पाहतो मी, अशीच खूण, असाच भांग. लोकांच्या पुस्तकाले चिठ्ठ्या लावत फिरलो अन् स्वतःच्या भिंतीवरची चूक पन्नास वर्षं मिरवत बसलो. लाज वाटून राह्यली, लिहितोच सरळ.

इंदुताईंले आजच स्पीड पोस्टनं पत्र टाकलं, झेरॉक्स सोबत आहे. लिहिलं की चित्रकर्तीनं पाहिलं ते इमानदारीनं काढलं, खोटा साक्षीदार मी आहे, तिचं काम तिलेच द्या. पण खाली हेही लिहिलं की शिडी डावीकडूनच लागते. ते मी सोडणार नाही.

तू बाजूले ठेवलेला लोभ उचलायले घाई करू नको.
मोठेबाबा


नागपूर
५ डिसेंबर २०२४

ती. मोठेबाबांस,
शि. सा. न., यावेळी मनापासून.

दुसरा भाग माझ्याकडेच राहिला. इंदुताईंनी तुमची दोन्ही पत्रं शेजारी ठेवली आणि म्हणाल्या की स्वतःची चूक इतक्या रागाने कबूल करणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांची अट आहे की यापुढचं प्रत्येक चित्र छापण्याआधी तुमच्याकडे यावं. म्हणजे शिक्षा मलाच. पहिली तीन चित्रं सोबत पाठवते आहे. पुढच्या आवृत्तीत कव्हर सुलटं होईल.

मोबाईलवरचा तुमचा फोटोही सुलटा करून मोठ्या कागदावर छापून घेतला आहे, तोही सोबत आहे. आता शिडी डावीकडे आहे. बाजूला काढलेला लोभ परत जागेवर ठेवला, तुमचाही असू द्या.
आपली,
राखी


तांडा, ता. आर्णी
१३ डिसेंबर २०२४

चि. राखीस,
अ. आ. चित्रं भेटली. तिसऱ्या चित्रात विमान उभं आहे अन् चाकांखाली ठोकळे नाहीत. उतारावरून गेलं तर कोण धरीन, तू? दुरुस्त करून धाड.

फोटोही भेटला. शिडी बरोबर आहे, पण माणूस मले पटला नाही. तोंड वाकडं दिसते, कोणी दुसराच उभा वाटते. चिडून मी तो पुन्हा पाकिटात टाकून राह्यलो होतो, तेवढ्यात तुझी मोठीआई पदराले हात पुसत आली अन् तिनं तो माझ्या हातातून घेतला. लय वेळ पाहत बसली. मग म्हणाली की हाच. एकाहत्तरची लढाई संपल्यावर सुट्टी घेऊन घरी आला तो हाच. भिंतीवरच्या माणसाले तिनं पन्नास वर्षं झाडलं-पुसलं, पण तो कोण होता हे तिले कधी समजलं नाही.

जुना फोटो काढून तिनंच हा नवा तिथं टांगला. जरासा तिरपा टांगला आहे. मी तसाच राहू दिला.

लोभ आहेच.
तुझा मोठेबाबा,
पूनमसिंग